गोव्यातल्या घरांतून गेलेले वास: कधी गेले, कशाने गेले?

मांडवीकाठ

गोव्याचा इतिहास म्हटला की आपण किल्ले, देवळे, ताम्रपट आणि पोर्तुगीज दप्तरांबद्दल बोलतो. जे दिसते आणि वाचता येते ते जपले जाते. वासाच्या नशिबी ते नाही. ज्यांनी तो घेतला त्यांच्या डोक्यात तेवढा राहतो आणि ती माणसे गेली की तोही जातो. माझे ठाम मत आहे की मुक्तीनंतरच्या साठेक वर्षांत आपल्या घरांतून जेवढे वास गेले तेवढे त्याआधीच्या दोनशे वर्षांत गेले नसतील. वीज आली, गॅस आला, फ्रीज आला, जमिनीवर फरशी आली आणि प्रत्येक सोयीने जाताना एखाददुसरा वास सोबत नेला.

फार जुन्या काळातले काही हाती लागते ते वैद्यांच्या लिखाणातून. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच राहिला. त्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. सगळा संवादरूपात आहे. त्यात हिंगावर एक प्रकरण आहे. जगात याच्याइतका घाण वास कशाचाच नाही, पण भाजीत घातला की वाईट लागत नाही, असे तो लिहितो. विजयनगरातली एक हकीकतही देतो. एका पोर्तुगिजाकडे फार किमतीचा घोडा होता, पण त्याला वाताचा त्रास, म्हणून राजा घेईना. मालकाने पिठातून हिंग चारून घोडा बरा केला आणि राजाने तो चांगल्या दामाला घेतला. कशाने बरा केलास, असे राजाने विचारल्यावर हा म्हणाला, हिंगाने. राजा म्हणाला, मग नवल काय, तू त्याला देवांचे अन्न दिलेस. तर पोर्तुगीज पुटपुटला, देवांचे कसले, सैतानांचे म्हणा!

एकच वास, दोन नाके. मला हा आपल्याकडच्या वासाच्या इतिहासातला फार मोलाचा पुरावा वाटतो.

तर विनंती अशी की प्रत्येकाने निदान एक वास लिहावा. कुठे येत होता, साधारण कधीपर्यंत येत होता आणि कशामुळे गेला. "काय तो वास, अहाहा" एवढ्यावर कृपा करून थांबू नका. कधी आणि का हे मला हवे आहे.

बार्देशकर

घोड्याला हिंग आणि राजाला घोडा. आमच्या घरी वरणाच्या फोडणीला रोज तेच औषध चालते, फक्त विकत घ्यायला कोणी राजा येत नाही. :)

धागा आवडला. लिहितो सवडीने.

फोंड्याची_माई

सारवलेल्या जमिनीचा वास. आमच्या घरात साधारण १९८५ पर्यंत होता.

शेणाचा वास म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो ओला असतानाच घेतलेला असतो. ताजे शेण कालवताना वास उग्र येतो, पण सारवण वाळत आले की तो बदलत जातो. गवत, माती आणि जरासा धूर असे काहीतरी उरते. चतुर्थीच्या आधी अख्खे घर सारवले जायचे. जमीन काळीभोर दिसावी म्हणून त्यात कोळशाची पूड घालायचो. टॉर्चचे सेल आल्यावर जुने सेल फोडून आतली काळी पूड घालायचो, तिचा वेगळाच वास यायचा, लोखंडासारखा. पोरांच्या हातालाही तो राही. आता कळते की ते मुलांच्या हातात देण्यासारखे नव्हते.

कशाने गेला? आधी गुरे गेली. गोठा रिकामा झाला तशी शेणासाठी शेजाऱ्याकडे बालदी घेऊन जायची वेळ आली. मग मोठ्या दिरांनी बाहेरच्या खोलीत लाल सिमेंटचा कोबा केला, पुढे सगळीकडे फरशी. मला गुडघेदुखी होती, त्यामुळे फरशी आली तेव्हा मी देवाला नारळ ठेवला. वास गेल्याचे दुःख पुरुषांना जास्त झालेले मी पाहिले आहे. सारवत बसणाऱ्या बाईला विचारा.

खारें_पाणी

माई, शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावण्यासारखे आहे.

माझा वास पुरुमेंताचा. मी साष्टीतला. एप्रिल-मे मध्ये घराच्या माळ्यावर एकेक वस्तू चढायची. सुके बांगडे, सुकी सुंगटां (कोळंबी), खारें (खारवलेले मासे), सोलां (आमसुले), चिंचेचे गोळे, सुक्या मिरच्या, कांद्यांच्या वेण्या, मडक्यात मीठ. पावसाळ्यात समुद्र बंद, भाजीपाला कमी, म्हणून चार महिन्यांची बेगमी. म्हापशाचे मे मधले पुरुमेंताचे फेस्त अजून भरते, मडगावातही भरते, आणि तिथे एकाच गल्लीत हे सगळे वास एकत्र येतात. पण मी म्हणतो तो बाजाराचा वास नव्हे. सोलांचा आंबट वास, त्यावर सुक्या मासळीचा, त्यात मिरचीची धूळ आणि खाली उकड्या तांदळाची कोठी. हे सगळे कौलाखाली तापून जून येईपर्यंत मुरायचे. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तो माळ्यावरून खाली उतरायचा.

फ्रीज आल्यावर गेला असे मी म्हणणार होतो, पण खरे कारण रस्ता आणि बर्फ. पावसातसुद्धा बाहेरून बर्फातले मासे आणि घाटावरची भाजी रोज येऊ लागल्यावर बेगमीची गरज संपली. आता पावशेर सुकी सुंगटां आणतो आणि डब्यात घट्ट बंद करून ठेवतो, कारण वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत.

प्रयोगशाळेतला_बाब

खारें_पाणी, तुमच्या माळ्याचे थोडे रसायनशास्त्र सांगतो.

समुद्रातल्या माशांच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. खाऱ्या पाण्यात राहण्यासाठी त्यांना ते लागते. याला वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो बहुतांशी याचा. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. त्यामुळे आम्ल लावले की त्याचा क्षार तयार होतो आणि क्षार हवेत उडत नाही, नाकापर्यंत येतच नाही. लिंबू, सोलां, चिंच, व्हिनेगर ही सगळी आम्ले. मासे धुताना सोलाचे पाणी लावायचे हे आपल्या आज्यांनी नाकानेच शोधून काढले. मोरीला (शार्क माशाला) जो अमोनियाचा वास येतो त्याचे कारण वेगळे, तिच्या अंगात युरिया भरपूर असतो आणि तो फुटून अमोनिया होतो.

तिरफळाचे काम याहून निराळे. ते वास मारत नाही, स्वतःचा वास पुढे करते. बांगड्याच्या हुमणात (रश्श्यात) तिरफळ नसेल तर मी ते हुमण मानत नाही. हे मात्र शास्त्र नाही, माझे मत आहे.

बार्देशकर

तिरफळाला अनुमोदन. सोमवारी हा प्रतिसाद वाचायला लावल्याबद्दल निषेध.

उसगावकार

चांगले चालले आहे, पण मला एक गोष्ट खटकते ती स्पष्ट लिहितो.

आतापर्यंत हिंग, सारवण, सोलां. सगळे वास ओटीवरचे नाहीतर माळ्यावरचे. घराच्या मागच्या बाजूला कोण जाणार? गोव्याच्या गावागावांत डुकरांचे संडास होते. चौथऱ्यावर बसायची जागा, खाली उतार आणि पलीकडे वाट बघत असलेली डुकरे. आमच्या भागात सेप्टिक टँक सगळीकडे होईपर्यंत ते वापरात होते आणि पाहुण्या मुंबईकरांना ते बघून घाम फुटायचा. तो वासही घरातलाच होता. तो गेला आणि फार बरे झाले.

दुसरे. वास कोणाला चिकटवला जातो हेही इतिहासात धरा. माझी आई टोपलीतून नुस्ते (मासे) विकायची. पहाटे धक्क्यावर, मग बसने गावात. बसमध्ये तिला टोपलीसकट मागे उभे करायचे, शेजारी सीट मोकळी असली तरी. दुपारी त्याच बसमधले लोक जेवताना ताटात इसवण (सुरमई) आहे का बघायचे. शाळेत माझ्या दप्तराला वास येतो म्हणून बाकावर माझ्या बाजूला कोणी बसत नसे. दप्तराला वास नव्हता. आई दप्तर वेगळ्या खोलीत टांगून ठेवायची. वास त्यांना माझे आडनाव ऐकल्यावर यायचा.

अहाहावर थांबू नका असे तुम्ही लिहिलेत, म्हणून लिहिले.

आबोलीण

उसगावकार, वाचून गप्प झाले. मीही अशाच घरातली. माझी मावशी विक्री संपल्यावर घरी यायच्या आधी विहिरीवर सोलाच्या पाण्याने हात कोपरापर्यंत चोळायची. आमच्या घरात तिच्या अंगाचा वास म्हणजे सोलांचाच वास. मासळीचा वास बाकीच्या गावाला.

मांडवीकाठ

उसगावकार, हे तुम्ही लिहिले नसते तर धागा अपुरा राहिला असता. वास घेणाऱ्याचे नाक कोणाचे आणि वास कोणाच्या नावावर लिहिला जातो, हा प्रश्न ऑर्ताच्या हिंगाइतकाच जुना आहे. ज्याच्या हातात अधिकार, त्याच्या नाकाला पटेल तो सुगंध.

माईंनी म्हटले तेही यात आले. वास सुंदर होता, पण तो तयार करायला कोणाची तरी कंबर मोडत होती.

जुन्या_गोव्याची_फेरी

दुर्गंधाच्या भीतीने अख्खी राजधानी कशी हलली ते इथे यायला हवे.

जिवाणूंचा शोध लागण्याआधी वैद्यांची समजूत अशी की कुजलेल्या वस्तूंतून उठणारी दुर्गंधीयुक्त हवाच रोग करते. घाण वास म्हणजे रोगाची खूण नव्हे, तर साक्षात रोग. युरोपात ही समजूत एकोणिसाव्या शतकातही घट्ट होती. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांना ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात भिजवलेले पडदे लावावे लागले आणि त्यानंतर शहराच्या भुयारी गटारांना पैसा मिळाला. गंमत बघा, कारण चुकीचे आणि उपाय बरोबर. घाण पाण्यातून गेली आणि पटकीही पुढे आटोक्यात आली. पटकीचा जिवाणू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पक्का ओळखला तो १८८४ मध्ये.

आपल्याकडे १५४३ मध्येच गोवा शहरात पटकीची मोठी साथ आली होती. पुढच्या दोन शतकांत साथींवर साथी. सखल जागा, पाझरणारी जमीन, दाट वस्ती आणि विहिरींत झिरपणारे मैलापाणी. लोक दोष देत होते हवेला. १६९५ मध्ये व्हाइसरॉय शहर सोडून पाणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात आले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२७ ते १८३५ च्या दरम्यान, पणजीतल्या दलदली बुजवून रस्ते काढले गेले. आज तिथल्या चौकात उभे राहून आपण वाहनांचा धूर खातो त्या जागेला एके काळी चिखलाचा आणि कुजक्या पानांचा वास होता.

आज जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या समोरच्या हिरवळीवर कापलेल्या गवताचा वास येतो. दोन लाखांच्या आसपास माणसांच्या शहराचा मागमूस नाकाला अजिबात लागत नाही. मला हे फार अस्वस्थ करणारे वाटते. इमारती दिसतात, माणसे नाहीत.

प्रयोगशाळेतला_बाब

दों मानुएलबद्दलही लिहा की कधीतरी. (विषयांतर.)

पेडण्याची_पोर

तुम्ही सगळे मोठी माणसे दिसता. मी पंचविशीतली. माझ्या घरातून गेलेला वास विचाराल तर २०२० मध्ये सगळेच गेले होते. कोविड झाला आणि सकाळी उठून चहाच्या कपाला नाक लावले तर नुसती वाफ. आई म्हणाली सर्दी असेल. सुरंगीचा वळेसार (गजरा) हातात घेतला आणि तो कागदाच्या फुलांसारखा वाटला तेव्हा मी रडले. खरेच.

हळूहळू परत आले. आधी कॉफी, पण जळल्यासारखी. कांदा कितीतरी दिवस विचित्र लागायचा. सुरंगी त्या हंगामात परत आलीच नाही, पुढच्या मार्चमध्ये आली.

म्हणून मला वाटते की वासाचा इतिहास म्हणजे फक्त हवेत काय होते त्याचा नाही, नाकात काय होते त्याचाही.

फोंड्याची_माई

बाळा, सुरंगी परत आली हे वाचून बरे वाटले. जाईही आली ना? आमच्या म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा असते. कळ्या संध्याकाळी काढायच्या, फाती (वेण्या) करायच्या आणि रात्र चढते तशा त्या देवीच्या अंगावर उमलतात. गाभाऱ्यात, सभामंडपात, बाहेर प्राकारात, जिथे जाल तिथे. हा वास गेलेला नाही. यादीत "राहिलेले" असाही एक रकाना करा, मांडवीकाठ.

हणजुणकर

सुरंगीबद्दल थोडी भर. फूल झाडाच्या फांदीला चिकटूनच येते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पूर्ण उमलायच्या आत, पहाटे काढावे लागते, नाहीतर मधमाश्या येतात आणि झाडाखाली उभे राहवत नाही. वैशिष्ट्य हे की वळेसार सुकला तरी वास राहतो. आजी सुकलेले वळेसार पातळांच्या घडीत ठेवायची. सोबत वेखंड आणि दवणा. मग घरात डांबरगोळ्या आल्या. या गोळ्या नॅफ्थलीनच्या, दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेल्या. त्या ट्रंकेत एकदा शिरल्या की सुरंगीचे काही चालत नाही. आमच्याकडे हा बदल सत्तरच्या दशकात झाला, काका आखातात नोकरीला गेले आणि घरात टेरिलीन, नायलॉन आले तेव्हा. आजी गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा वर डांबरगोळीचा वास होता आणि अगदी तळाच्या नऊवारीत सुरंगी.

कुळागरवाला

कापराबद्दल कोणीच बोलले नाही. आरतीचा कापूर पूर्वीसारखा येत नाही अशी माझ्या वडिलांची तक्रार असायची. कोणाला माहीत आहे?

प्रयोगशाळेतला_बाब

वडिलांचे नाक चांगले असणार. कापूर एक नव्हता, दोन होते. एक चीन-जपानकडच्या झाडाचा, दुसरा बोर्निओ-सुमात्राकडच्या वेगळ्याच झाडाचा. हा दुसरा म्हणजे आपला भीमसेनी. ऑर्तानेही दोन्हींचा उल्लेख केला आहे आणि बोर्निओचा कित्येक पटींनी महाग असे सांगितले आहे. रासायनिक दृष्ट्याही ते वेगळे, भीमसेनीत मुख्यतः बोर्निऑल असते. आज पाकिटात मिळतो तो बहुतेक पाइनच्या झाडाच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेला. रेणू कापराचाच, पण झाडातून येताना त्याच्यासोबत जी दहा इतर द्रव्ये यायची ती नाहीत. तुमच्या वडिलांना त्या सोबत्यांची आठवण येत असावी.

बार्देशकर

आता माझा वास. गॅसचा.

तुम्ही म्हणाल हा गेलेला कुठे, हा तर आलेला. तेच म्हणायचे आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मर्केप्टन मिसळतात, अगदी नखभर. याची सक्ती एका भयंकर घटनेनंतर झाली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू गळून तळघरात साठला, ठिणगी पडली आणि जवळजवळ ३०० मुले व शिक्षक गेले. त्यानंतर वायूला दुर्गंध देण्याचे कायदे झाले. म्हणजे आपल्या घरात एक वास असा आहे जो माणसांनी ठरवून बनवला, केवळ जीव वाचावा म्हणून. आमच्या घरी सिलिंडर आला तेव्हा आईने पहिले काही महिने रात्री उठून उठून स्वयंपाकघरात वास घेतला. चुलीच्या धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे, ते वर्षभरात निवळले. धुराच्या वासाबद्दल मी कविता करणार नाही.

कुळागरवाला

धुराने खोबऱ्याला आणि मिरच्यांना जे व्हायचे ते मात्र गॅसवर होत नाही. चुलीवरच्या उतवात टांगलेले सोडणासकट नारळ वर्षभर टिकायचे. ही कविता नाही, अनुभव आहे.

ग्रंथालयाची_पायरी

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे मूळ १८३२ चे. भारतातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. मी विद्यार्थी असताना ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होते. पाट्टोच्या नव्या वास्तूत गेल्यापासून वातानुकूलन आहे, पुस्तके सुरक्षित आहेत आणि वास निम्म्यावर आला आहे.

जुन्या पुस्तकाला वास का येतो? कागदातले लिग्निन आणि सेल्युलोज हळूहळू विघटन पावतात आणि त्यातून उडून जाणारी द्रव्ये निघतात. त्यातली काही व्हॅनिलाची आठवण करून देणारी. लंडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये अशी द्रव्ये मोजून कागदाची प्रकृती ओळखायची पद्धत मांडली. पान फाडायचे नाही, फक्त वास घ्यायचा. गोव्याच्या पुस्तकाला यात आणखी एक थर असतो, ओलीचा आणि बुरशीचा. १५५६ मध्ये आपल्याकडे छापखाना आला, पण त्या छापखान्यातले फारच थोडे उरले. दमट हवा आणि वाळवी हे आमचे खरे संपादक.

सत्तरीचा_गडी

काजूवर अजून कोणी बोलले नाही हे बघून मी चाट पडलो. ही मंडळी खरेच गोव्यातली ना? :)

काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला, सोळाव्या शतकात. म्हणजे एप्रिलमध्ये सत्तरीच्या रानाला जो वास येतो तो शिवाजी महाराजांच्या आजोबांच्या काळात असला तर नवाच होता. आमच्याकडे अजून भाटी (दारू गाळायची भट्टी) लागते. बोंडू कोळंबीत (तुडवायच्या हौदात) तुडवायचे, मग चोथ्याचा ढीग वेलीने बांधून वर दगड ठेवायचा, खाली नीरो टिपटिप गळतो. नीरोचा वास गोड आणि स्वच्छ. रस आंबायला ठेवला की दुसऱ्या दिवसापासून फुगे येतात आणि वास वर उडी मारतो, फळाचा, पण त्याला धार आलेली. भाटीतून पहिली धार निघते ती हुर्राक. हुर्राक पुन्हा नीऱ्यासोबत चढवली की फेणी. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

बदललेले काय? पूर्वी भान (भाटीवरचे भांडे) मातीचे असायचे, आता तांब्याचे. मातीच्या भानात पहिल्या घाण्याला मातीचा वास उतरायचा, म्हातारे तोच मागायचे. आणि तुडवणे जाऊन बऱ्याच ठिकाणी यंत्र आले. पायाने तुडवताना बी चुकून फुटत नाही, बी फुटले की तेलाचा कडवट वास रसात उतरतो.

आबोलीण

फेणीचा वास मला सहन होत नाही आणि यात गोव्याचा अपमान नाही. घरात पिणारा माणूस असला की तो वास सकाळी उशीला येतो. आमच्या घरातून तो २००३ मध्ये गेला, वडिलांनी सोडली तेव्हा. सगळ्यांत जास्त आनंद देऊन गेलेला वास हाच. यादीत लिहा.

सत्तरीचा_गडी

लिहायलाच हवा, बाय. भाटीवरचा वास आणि उशीवरचा वास, दोन्ही खरे. आमच्या वाड्यावरही दुसरा भरपूर आहे.

हणजुणकर

पहिल्या पावसाचा वास राहिला. त्याच्यावर कोणी लिहू नये असे मला वाटत होते कारण सगळेच लिहितात. तरी एक माहिती: १९६४ मध्ये इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. वनस्पतींची तेले कोरड्या दगडामातीत शोषली जातात आणि पावसाने सुटतात. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य करतात, तेही त्यात. आपले नाक जिओस्मिनसाठी कमालीचे तिखट आहे, लाख कोटींत काही कण असले तरी ओळखते. या दोघांच्या कितीतरी आधीपासून कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीपासून चंदनतेलात अत्तर उतरवत होते. म्हणजे वास बाटलीत जपता येतो, मांडवीकाठ. तुमचे पहिलेच विधान पूर्ण खरे नाही.

मांडवीकाठ

हणजुणकर, एवढ्यावरून मला आशाच वाटते. मूळ प्रश्नाकडे येतो.

इतरत्र हे काम सुरू झाले आहे. जपानच्या पर्यावरण खात्याने २००१ मध्ये जपण्याजोग्या शंभर वासस्थळांची यादी केली. त्यात टोकियोच्या कान्दा नावाच्या भागातली जुन्या पुस्तकांची पेठही आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये कायदा करून खेड्यांतले आवाज आणि वास वारसा म्हणून मान्य केले, कारण शहरातून येऊन राहणारे लोक कोंबड्याच्या आरवण्यावर आणि शेणाच्या वासावर खटले भरू लागले होते. आपल्याकडे हीच वेळ आली आहे. दुसरे घर घेऊन राहणाऱ्यांना शेजारच्या अंगणातले सुके बांगडे खुपतात अशा तक्रारी मी स्वतः ऐकल्या आहेत.

म्हणून माझे म्हणणे: यादी करायची तर तीन रकाने. गेलेले, राहिलेले आणि गेले ते बरे झाले असे. प्रत्येकासमोर गाव, साल, कारण आणि तो वास निर्माण करायला कोण राबत होते ते. शेवटचा रकाना माईंनी आणि उसगावकारांनी मिळवून दिला.

उसगावकार

रकाना मान्य. आईला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, बस बंद झाली त्या वर्षापासून लिही. १९९८ मध्ये आमच्या गटातल्या बायकांनी मिळून टेंपो ठरवला, तेव्हापासून मागे उभे राहणे संपले. मालीम धक्क्यावरून पहाटे निघणारा टेंपो, बर्फ, ओले गोणपाट, डिझेल आणि आठ बायकांच्या डोक्यातले अबोली-जाईचे गजरे. अबोलीला वास नसतो, म्हणून जाई सोबत माळायच्या. हे "राहिलेले" मध्ये टाका. टेंपो अजून जातो, आता माझी वहिनी असते त्यात.

पेडण्याची_पोर

मी तक्ता बनवते. सगळ्यांचे आतापर्यंतचे वास भरून उद्या इथेच टाकते. कुळागरवाले काका, तुमच्या उतवातल्या नारळाला साल पाहिजे. बार्देशकरांनी चूल कधी बंद झाली ते लिहिलेले नाही. आणि पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीवर कोणीच का लिहिले नाही? सुरेवर (माडीवर) पीठ फुगवणारा कोणी अजून असेल तर मला गाव कळवा, मी जाऊन येते.

सत्तरीचा_गडी

पोदेराचे साष्टीवाले सांगतील. भाटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जोरात असते. ज्याला यायचे आहे त्याने निरोप टाकावा. सकाळी लवकर या, ऊन चढल्यावर आंबलेल्या रसावर माश्या फार होतात. पोरी, तू वही घेऊन ये. म्हातारे पाटीवर बसलेले असतात, विचारलेस तर मातीच्या भानाबद्दल तासभर सांगतील.

खारें_पाणी

सुरेचे मी बघतो. माजोर्ड्याला आणि आजूबाजूला दोन-तीन जुन्या भट्ट्या माहीत आहेत. यीस्ट आल्यापासून सूर कोणी घालत नाही असे ऐकतो, पण रेंदेर (सूर काढणारा) अजून माडावर चढतो त्या गावात विचारून बघायला हरकत नाही. रविवारी जातो आणि लिहितो.